बाईंनी विचारायला लावलं म्हणून आजी कळली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि सगळ्यांनी पटापट आपापले विषय सांगून टाकले, कोणाला गॅदरिंग, कोणाला मैदान, कोणाला हेडसर. मी लिहिलं की मी बाईंवर लिहिणार. कुठल्या बाई असं एकानेही विचारलं नाही. शास्त्राच्या बाई, अजून कोण! पण बाईंवर लिहायचं तर मला माझ्या आजीवर लिहावं लागतं, त्याला इलाज नाही. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्यासुद्धा नाहीत, पण माझी आजी मला कळली ती बाईंमुळे.

नववीत बाई पेशी शिकवत होत्या. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र हे आपण सगळ्यांनी घोकलंय, परीक्षेत एका मार्काला यायचं. पण बाई त्या दिवशी खडू खाली ठेवून म्हणाल्या, या तंतुकणिकेचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून. म्हणजे या वर्गात जेवढे बसलेत त्यांच्या पेशीपेशीत त्यांची आजी आहे. मुलांना तो मिळतो पण पुढे देता येत नाही, मुली देतात. मग अजून एक सांगितलं, मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजांडं तयार झालेली असतात, विसाव्या आठवड्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख असतात आणि तिथून कमीच होत जातात. म्हणजे ज्या बीजांडापासून तुम्ही झालात ते तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच तिथे होतं. वर्ग एकदम चिडीचूप. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, आणि बाबांची आई? बाई म्हणाल्या, तिचाही वाटा साधारण पाव, आणि मुलींना बाबांकडून जे एक्स गुणसूत्र मिळतं ते बाबांना त्यांच्या आईकडूनच आलेलं असतं, तेव्हा कोणी रुसू नका.

दुसऱ्या दिवशी बाई एक कात्रण घेऊन आल्या, अर्जेंटिनातल्या आज्यांचं. तिथे १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, हजारो माणसं पकडून गायब केली, त्यात गरोदर बायकाही होत्या, आणि त्यांना कैदेत झालेली मुलं दुसऱ्यांनाच देऊन टाकली. १९७७ पासून या बायकांच्या आया एकत्र येऊन नातवंडं शोधायला लागल्या. पण मूल सापडलं तरी ते आपलंच हे सिद्ध कसं करायचं, आईबापच राहिले नाहीत तर तपासणी कोणाशी जुळवायची? मेरी-क्लेअर किंग नावाच्या शास्त्रज्ञ १९८४ मध्ये त्यांच्या मदतीला गेल्या आणि आजी-नातवंडाचं नातं रक्तावरून ठरवायचं गणित बसवलं, पुढे हाच तंतुकणिकेचा डीएनए कामाला आला, कारण त्यासाठी आईकडची एक आजी पुरते. आतापर्यंत १३० च्या वर नातवंडं सापडलीत. तेव्हा अर्थातच आकडा बराच कमी होता, पण बाई वाचून दाखवत होत्या तेव्हा त्यांचा आवाज हलला होता हे मला पक्कं आठवतंय.

मग त्यांनी गृहपाठ दिला. आजीला विचारून लिहून आणा. आणि कसं विचारायचं तेही सांगितलं, ते मी आजही तसंच वापरते. तुझं आयुष्य कसं होतं असं विचारायचं नाही, त्यावर कोणीही "काय सांगू बाळा, गेलं तसंच" एवढंच म्हणणार. दहा ते तीस वयातलं विचारा, कारण म्हातारपणी तेच सगळ्यात ठळक आठवतं. वस्तू विचारा, जागा विचारा, कोण कुठे झोपायचं ते विचारा. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, गप्प बसा. आणि ती जसं बोलेल तसंच लिहा, तुमची पुस्तकी भाषा घालू नका.

माझी आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडेच असायची. पण पहिले काही दिवस काही जमेना. मी विचारायचे एक, ती सांगायची भलतंच. तू शाळेत जायचीस का विचारलं तर म्हणाली, "हो, वाळत घातलेत." घरात सगळ्यांचं ठरलेलं होतं की आजीचं लक्ष नसतं, वय झालं. मी बाईंना सांगितलं की आजीला काही आठवत नाही. बाईंनी मला दोन मिनिटं बोलायला लावलं, ऐकलं आणि म्हणाल्या, अगं तुझा आवाज केवढा बारीक आहे, वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात, तिला आठवत नाही असं नाही, तुझं ऐकूच येत नसेल. समोर बस, तुझे ओठ दिसू देत, उजेड तुझ्या तोंडावर येऊ दे, खालच्या पट्टीत सावकाश बोल आणि ओरडू मात्र नकोस.

त्या संध्याकाळी मी खिडकीसमोर बसले आणि जाडसर आवाज काढून तोच प्रश्न परत विचारला. आजी माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "होय तर. चौथीपर्यंत. शर्यतीत पहिली आले होते मी."

हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं, आईलासुद्धा!

मी वहीत लिहिलं, आजी धावण्याच्या शर्यतीत पहिली आली, तिला बक्षीस मिळालं. वही परत आली त्यावर लाल शाईत शेरा, काय मिळालं? विचारून ये. मी विचारलं, पेन्सिल मिळाली होती. लिहिलं. परत शेरा, कसली पेन्सिल? आता खरं सांगते, मला तेव्हा कंटाळा आला होता, पण बाईंना नाही म्हणायची सोयच नव्हती. आजी म्हणाली, दुतोंडी, एका बाजूने लाल आणि एका बाजूने निळी. तिसरा शेरा होता, मग त्या पेन्सिलीचं काय झालं?

या तिसऱ्या प्रश्नावर आजी बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही बाईंनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसले. मग तिने सांगितलं. तिची आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं म्हणून तिची शाळा बंद झाली. पेन्सिल तिने एकदाही टोक न काढता ठेवली होती. भाऊ शाळेत जायला लागला तेव्हा तिने ती मधोमध तोडली, निळा तुकडा त्याला दिला आणि लाल स्वतःकडे ठेवला. तो घरी येऊन गणितं सोडवायचा आणि ही लाल तुकड्याने तपासायची. तो पाचवीत गेला तशी हीपण त्याच्या पुस्तकातून पाचवी शिकली, मग सहावी, मग सातवी. तुकडा एवढासा राहिला तेव्हा चिमटीत धरून लिहायची, हे सांगताना तिने बोटांनी तो तुकडा धरूनच दाखवला मला, अंगठा आणि तर्जनी, मध्ये अगदी नखाएवढी जागा.

तेव्हा कुठे मला कळलं की आजी आमचा अभ्यास घेताना गणितातली चूक एका नजरेत कशी पकडायची. आम्हाला वाटायचं की असते एखाद्याला आकड्यांची आवड.

बाईंनी ती पानं वर्गात वाचली आणि वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, आजीला सांग, बाईंनी नमस्कार सांगितलाय. मी घरी येऊन सांगितलं. आजीने पदर सारखा केला, बाई समोर उभ्या असल्यासारखा, आणि मग सगळ्यांना सांगत सुटली की शाळेतल्या बाईंनी मला नमस्कार पाठवला.

मी आज ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांची ऐकण्याची तपासणी करते, कानाचं मशीन लावून देते. दहावीला मार्क बरे होते म्हणून बाकीच्यांनी बरंच काय काय सुचवलं होतं, पण माझं नववीतच ठरलं होतं. रोज कोणीतरी आजी किंवा आजोबा येऊन बसतात आणि म्हणतात, आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत. कारण स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात, पण स, श, फ, थ असे आवाज वरच्या पट्टीत, ते गळतात, आणि शब्दाचा अर्थ बराचसा त्यांच्यावरच असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या चारात एकाहून जास्त माणसांचं ऐकणं रोजच्या व्यवहारात अडचण होईल इतकं कमी झालेलं असतं. आणि लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२० च्या अहवालात डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्यासारख्या कारणांत सगळ्यात मोठा वाटा कमी ऐकू येण्याचा धरलाय. ऐकू आलं नाही की माणूस बोलायचं सोडतो, बोलायचं सोडलं की घरातले त्याला विचारायचं सोडतात. हे अहवाल यायच्या कितीतरी आधी बाईंनी हे एका मुलीच्या बारीक आवाजावरून ओळखलं होतं!

माझी प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा आजी होती. तिच्या दोन्ही कानांना मशीन मीच लावली. उठून खोलीत चार पावलं चालली आणि थांबली, म्हणाली, "माझ्या चपला एवढ्या वाजतात?" मग वर्तमानपत्राचं पान उलटून बघितलं, परत उलटून बघितलं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिची नावं हरवत गेली. आधी पतवंडांची, मग आमची, मग आईला ती ताई म्हणायला लागली. पण आजी, पेन्सिल कसली होती गं असं विचारलं की लाल-निळी हे उत्तर तयार, आणि पुढची सगळी गोष्ट, भाऊ, गणितं, सगळं. माझी मुलगी तेव्हा लहान होती, ती समोर बसून खालच्या पट्टीत विचारायची, तिला मीच शिकवलं होतं. नववीत ते विचारलं नसतं तर शेवटी तिच्याशी कुठलं बोलणं काढायचं हेच आम्हाला कळलं नसतं. मी माझ्याकडे येणाऱ्या घरच्या लोकांना हेच सांगते की आत्ता विचारून ठेवा, नंतर उपयोगी पडतं.

मध्यंतरी एका ओळखीच्या मुलाला त्याच्या शाळेत "माझी आजी" असा प्रोजेक्ट होता. त्याने तो नेटवरून प्रिंट काढून, कुठल्यातरी भलत्याच आजीचं चित्र चिकटवून, सजवून दिला आणि पूर्ण मार्क मिळाले. आजी त्याच घरात पलीकडच्या खोलीत बसलेली. मला फार वाईट वाटलं. मुलाचा दोष नाही, त्याला कोणी लाल शाईने कसली पेन्सिल असं विचारलंच नाही. आपल्या शाळेतही बाई रिटायर झाल्यावर तो गृहपाठ बंद पडला असं ऐकलं, नवीन लॅब झाली, स्मार्ट बोर्ड आले, चांगलंच आहे, पण हा गृहपाठ का बंद झाला ते मला अजून कळलेलं नाही. त्याला ना खर्च, ना जागा लागते.

म्हणून समितीला माझी विनंती आहे की या वर्षीपासून नववीला तो परत सुरू करावा. माझी वही मी स्कॅन करून समितीकडे दिली आहे, बाईंचे तिन्ही शेरे नीट वाचता येतात, शिक्षकांना नमुना म्हणून दाखवता येईल. आणि ज्या मुलांना आजी-आजोबा भलतीच उत्तरं देतात असं आढळेल त्यांनी शाळेत नाव नोंदवायचं, त्या आजी-आजोबांची ऐकण्याची तपासणी मी शाळेत येऊन विनामूल्य करून देईन, दर वर्षी, मला जमतंय तोवर. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, ते हो म्हणालेत. बाई, तुम्ही समारंभाला येणार आहात असं कळलं, तर पहिल्या वर्षीच्या वह्या तपासायला तुम्हीच बसा, लाल पेन मी आणते.