अडवलेला दाखला आणि भिशीचे पैसे

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या मुलांसाठी मी एका संस्थेतर्फे काम करते. लोकांना वाटतं आम्ही मुलांना शिकवतो. शिकवतोही, पण जून-जुलै जातो तो आधार, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मागे. कुठल्या तरी प्रकल्पात झोपडी तुटते, कुटुंबाला इथल्या इमारतीत खोली मिळते आणि मुलांची शाळा मात्र मागेच राहते.

ही मुलगी सातवीतली. आधी एका खासगी विनाअनुदानित शाळेत होती. वडिलांचं नाक्यावरचं काम कमी झालं, फी थकली, म्हणून आईने तिला महापालिकेच्या शाळेत आणलं. मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी तिला वर्गात बसवून घेतलं. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘दाखला आणा, मग बघू’ म्हणून दारातूनच परत पाठवणारे मुख्याध्यापकही मी पाहिलेत. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 स्पष्ट आहे: सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही.

पण हल्ली खरी अडवणूक संगणकात होते. यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर, प्रत्येक मुलाचा अकरा आकडी पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, असतो. मूल शाळा सोडून गेलं की जुन्या शाळेने त्याला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकायचं, नव्या शाळेने पेन नंबर आणि जन्मतारीख घालून तिथून आपल्याकडे घ्यायचं. जुन्या शाळेने सोडलंच नाही, तर मूल इथे बाकावर बसतं आणि पोर्टलवर तिथेच राहतं. पोर्टलवरच्या पटावरून शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर, हे ठरतं. म्हणजे तिला रोज शिकवणाऱ्या बाईंचं पद मोजताना ही मुलगी मोजलीच जात नाही. विनंत्या पाठवून मुख्याध्यापिका थकल्या होत्या. तिकडून एकच उत्तर: आधी थकबाकी भरा.

शेवटी मी तिच्या आईला घेऊन त्या शाळेत गेले. सोबत कलम 5 ची प्रत आणि लेखी अर्ज होता. क्लार्कने अर्ज हातात घेतला नाही. मी पोच मागितली, आवाज चढवला. थकलेली फी वसूल करायची तर शाळेने पालकांकडे रीतसर मागावी, मुलीचा कागद ओलीस धरू नये, असं सांगत होते. तेवढ्यात आईने ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत भिशीचे साडेसहा हजार होते, बहुतेक शंभराच्या आणि दोनशेच्या नोटा. तिने त्या दोनदा मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. मी तिचा हात धरला, “थांबा, भरायची गरज नाही.”

“ताई, तुमचा कायदा बरोबर असंल,” ती म्हणाली. “पण माझ्या पोरीला वाचायला यांनीच शिकवलं ना? त्या बाईचा पगार फीमधूनच निघतो. उधारी ठेवून कुणाच्या दारातनं निघालो नाय आम्ही आजवर.”

अशा शाळांतल्या शिक्षिकांच्या हातात महिन्याला काय पडतं, हे मला चांगलं माहीत आहे. मला तिला उत्तर देता आलं नाही. अर्ध्या तासात दाखला छापून मिळाला, मुलगी पोर्टलवरून सुटली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला फोन करून आनंदाने सांगितलं की नाव पटावर आलं.

तरी माझा त्या शाळेवरचा राग गेलेला नाही. ज्या बाईंसाठी आईने पैसे भरले, त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं की नाही, कोण जाणे. आणि त्या आईला मी चूक म्हणू शकत नाही. चेंबूरला चार घरची धुणीभांडी करून जमवलेली भिशी होती ती.

अडचण आता पुढची आहे. तिच्याच इमारतीतली आणखी तीन मुलं त्याच शाळेकडे अडकली आहेत. त्यांच्या पालकांना क्लार्क सांगतो, “त्या बाईंनी भरले, मग तुम्ही का नाही?” त्या घरांत भरायला खरोखर काही नाही. तिघांचेही अर्ज मी शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात दिलेत, या वेळी पोच घेऊन. सोमवारी सुनावणीला बोलावलंय. त्या मुलीची आई म्हणते, मी पण येते, साहेबांना सांगते की मी भरले ते माझ्या मनानं, यांच्याकडून मागू नका.