कॅचरला पॅड बांधायला वेळ द्या, बॅटरला फिरायला नको

हौशी बेसबॉलचा सामना रेंगाळतो तो भांडणांनी नाही, बारीकसारीक खोळंब्यांनी. प्लेटमागे (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीमागे) अंपायर म्हणून उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय: खोळंबा कशामुळे झाला हे अंपायरने आधी ओळखावं आणि मगच घाई करावी.

कॅचरचंच घ्या, म्हणजे प्लेटमागे बसून पिचरने टाकलेले चेंडू झेलणाऱ्याचं. त्याच्या संघाची बॅटिंग तिसऱ्या आउटने संपली तेव्हा तो धावपटू म्हणून दुसऱ्या बेसवर होता. आता धावत येऊन पॅड, छातीचं कवच, मास्क असं सगळं चढवायचं. अशा वेळी मी त्याच्यावर ओरडत नाही. डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकाकडे, वळून म्हणतो, "कोच, मास्क घालून कोणीतरी पाठवा, पिचरचे चेंडू घ्यायला." अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत त्याच पिचरला पुढच्या इनिंगआधी ५ सरावाचे चेंडू आणि एक मिनिट मिळतं, आणि ते मिनिट तिसऱ्या आउटपासून मोजतात. बाकावरचा खेळाडू लगेच आला, तर पॅड बांधून होईपर्यंत सरावही उरकतो. त्याच नियमांत पिचर आणि कॅचर बेसवर असताना त्यांच्यासाठी बदली धावपटू चालतो, म्हणजे कॅचरला आधीच पॅड बांधता येतात. कोचला याची आठवण दोन आउट झाल्यावर करून द्यावी, नंतर नाही.

फाउल चेंडू (बॅटला लागून खेळाच्या हद्दीबाहेर वळलेला) कॅचरच्या मास्कवर किंवा खांद्यावर आदळला, तर मात्र मी मुद्दाम वेळ काढतो. 'टाइम' म्हणायचं, पुढे जाऊन प्लेट स्वच्छ असली तरी ब्रशने सावकाश झाडायची. तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर येतो आणि कोणी त्याच्याकडे टक लावून बघत नाही. चेंडू अंपायरला लागला की शहाणा कॅचर पिचरशी बोलायला जातो, तोही याच समजुतीने. असे क्षण वाचवून सामना लवकर संपवण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

बॅटर प्रत्येक चेंडूनंतर बाहेर जाऊन ग्लोव्हचे पट्टे आवळतो, ते वेगळं. अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगने २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे पुढचा चेंडू टाकण्यासाठीचं घड्याळ, आणलं, बेसवर धावपटू नसताना १५ सेकंदांचं, आणि सरासरी सामना जवळपास २४ मिनिटांनी आटोपशीर झाला. आमच्या मैदानावर घड्याळ नसतं, अंपायरचा आवाज असतो. "एक पाय बॉक्समध्ये (बॅटरच्या चौकटीत) ठेव" एवढं पहिल्या इनिंगमध्ये, शांतपणे आणि दोन्ही संघांना सारखंच सांगितलं, की बहुतेकदा पुढे बोलावं लागत नाही. सहाव्या इनिंगमध्ये अचानक कडक झालात तर मागे पडलेल्या संघाला ते आपल्याविरुद्धच वाटणार, आणि त्यांचं चूक नाही.

बुटाची लेस सुटली? टाइम द्या. पण खेळ चालू असताना कधीच नाही. धावपटू बेसच्या मधोमध असताना कोणी हात वर केला म्हणून मी टाइम देत नाही.

नियमाबद्दलच शंका आली तर घड्याळ विसरायचं. अधिकृत नियमांमधल्या अंपायरसाठीच्या सूचनाच सांगतात की सामन्यावर तक्रार होऊन तो पुन्हा खेळवण्यापेक्षा १० मिनिटं थांबून नियम पाहिलेला बरा. मी पुस्तक खिशात ठेवतो आणि दोन्ही कोचसमोर उघडतो.