मदरबोर्डवर किती उधळायचे?

परवा भाच्याने नव्या पीसीची लिस्ट पाठवली. रायझन 5 7600 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, साधंसं ग्राफिक्स कार्ड आणि हे सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड मात्र एक्स870ई मॉडेलचा, 34 हजाराचा! म्हणलं अरे प्रोसेसर याच्या निम्म्यात येतो. तर म्हणे, "मामा, बोर्ड भारी असला की सगळं फास्ट चालतं." पाहिली असेल कुठलीतरी रील.

फास्टबिस्ट काही होत नाही भो. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच कार्ड, गेममधला फरक भिंग घेऊन शोधावा लागेल. पण एकदम फालतू बोर्ड घेतला तर नडतो, ते मी भोगलंय.

माझं भुसावळला लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम. 2019 ला पैसे वाचवायला ए320 चा सगळ्यात स्वस्त बोर्ड घेतला आणि त्यावर 105 वॅटचा 2700एक्स प्रोसेसर बसवला. हिवाळाभर मस्त चालला. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांचा ढीग आला, बाहेर 45, खोलीत कुलर नुसता घरघरतोय, आणि रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं, अचानक बैलगाडीसारखं. प्रोसेसरचं टेम्परेचर बघतो तर ठीक, पण क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, पार तळाला. वाटलं विंडोज बिघडलं, फॉरमॅट मारला, दोन दिवस पाण्यात. शेवटी कॅबिनेट उघडून सॉकेटशेजारच्या त्या काळ्या चौकोनी तुकड्यांजवळ बोट नेलं तर चटकाच बसला. तो व्हीआरएम, म्हणजे 12 व्होल्ट घेऊन प्रोसेसरला लागणारं एक-सव्वा व्होल्ट करून देणारा भाग. त्यावर हीटसिंकच, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळाच, नव्हती. तो तापला की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडतो. पॅनल काढून समोर टेबल फॅन ठेवला आणि तसाच सिझन काढला, आत धूळ किती गेली ते विचारू नका.

तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हीआरएमवर चांगली जाड हीटसिंक पाहिजेच, पण ती 14-15 हजाराच्या बी650 बोर्डावरही मिळते. आणि गंमत अशी की बी650 आणि एक्स870 मध्ये चिपसेटची, म्हणजे यूएसबी-एसएसडी वगैरे जोडण्या सांभाळणारी, चिप एकच आहे, एक्स870 वर यूएसबी4 आणि पीसीआयई 5 हे जास्त वेगाचे पोर्ट-स्लॉट सक्तीचे केलेत इतकंच, आणि एक्स870ई म्हणजे त्याच दोन चिपा. चार-पाच एसएसडी लावणाऱ्याला किंवा 16 कोरचा प्रोसेसर दिवसभर पिळणाऱ्याला परवडेल. 7600 तर 65 वॅटचा, त्याला काय करायचंय.

एका गोष्टीला मात्र मी जास्तीचे हजार-दोन हजार देईन, मागच्या बाजूचं बायोस फ्लॅशबॅकचं बटण. बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर. नवा प्रोसेसर आणि जुना बायोस असला तर स्क्रीनच येत नाही, मग अपडेट करायला जुना प्रोसेसर कुठून आणायचा? मला एका दुकानदाराने "ठेवून जा, चार दिवसांनी या" सांगितलं होतं. बटण असलं की नव्या बायोसची फाईल टाकलेला पेनड्राइव्ह लावायचा, पॉवर सप्लाय चालू, बटण दाबलं, काम झालं.

उरलेल्या 20 हजारात त्याला चांगला पॉवर सप्लाय, एक टीबी एसएसडी आणि यूपीएस घ्यायला लावलंय, कारण लाईट आमच्याकडे जाते ती न सांगता. पठ्ठ्या ऐकला. आता म्हणतो बोर्ड पांढराच पाहिजे, कॅबिनेट पांढरं आहे ना. पांढऱ्याचे 1500 जास्त लागतात. म्हणलं ते तुझ्या आईकडून माग.