कण्हणे आणि बुडबुडे

आमची मुलगी ३१ आठवडे भरलेले असतानाच जन्मली; वजन १,४५० ग्रॅम. काचेच्या पेटीत तिला मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बारीक कण्हण्याचा आवाज येत होता आणि फासळ्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. तिला काहीतरी दुखत असावे, असे मी धरून चाललो. डॉक्टरांनी समजावले की श्वास सोडताना ती घशाची वाट अर्धवट मिटून घेते आहे, म्हणजे थोडी हवा आत अडून राहते आणि फुप्फुसातले वायुकोश मिटत नाहीत. जन्मून चार तास झालेल्या जिवाला ही युक्ती ठाऊक होती!

वायुकोशांना आतून ओलसर अस्तर असते आणि त्या ओलाव्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो. तो ताण कमी करणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ फुप्फुसातल्याच पेशी तयार करतात, परंतु तो पुरेसा साठायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तो वेळेआधी तयार व्हावा म्हणून आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. माझ्या पत्नीला पहिले मिळाले, दुसऱ्याची वेळ येण्याआधीच कळा वाढल्या.

मुलीला सीपॅप, म्हणजे फुप्फुसात सतत थोडा दाब टिकवून श्वासाला मदत करणारे साधन, लावले. नाकात दोन छोट्या नळ्या, आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेले. एवढेच? खरे सांगायचे तर माझी जरा निराशाच झाली. पण पाण्याची ती खोलीच फुप्फुसात टिकणारा दाब ठरवते. मुलगी कण्हून जे करू पाहत होती, तेच काम बाटली करत होती. सिस्टरांनी बजावले होते, ‘बुडबुडे थांबले की लगेच हाक मारा, नळी सरकलेली असते.’

सर्फॅक्टंटची कमतरता हे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या या श्वसनाच्या आजाराचे कारण असल्याचे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले होते. तरीही १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. तो आमच्या मुलीपेक्षा तीन आठवडे अधिक भरलेला होता. नवजात बाळांसाठी सीपॅप आले १९७१ मध्ये.

चौथ्या दिवशी कण्हणे थांबले. मग मध्येच श्वास घ्यायला विसरण्याचा प्रकार सुरू झाला, म्हणून कॅफिनचे औषध चालू झाले. ‘एवढ्याशा पोरीला कॉफी?’ हा माझ्या आईचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही.