एक तार उतरली, पाच चढल्या

“व्हॅन हेलनचा पार्ट लावला, तरी गिटार बेसूर कशी काय होऊ लागली भौ?”

औरंगपुऱ्यात चहाच्या गाड्यावर सिग्नेचर गिटारींच्या, म्हणजे वादकाच्या नावानं निघणाऱ्या गिटारींच्या, गप्पा रंगल्या होत्या, त्यात एका पोराचा हा प्रश्न.

त्यानं फ्लॉइड रोज ब्रिजवर (तारा धरणारा, दांडीनं हलणारा भाग) गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचा डी-ट्यूना बसवला होता. बोटाच्या पेराएवढी नळी. बाहेर ओढली की जाड ई तार पूर्ण एक स्वर उतरून डीवर येते. ती उतरली, पण बाकीच्या पाच चढल्या.

चढणारच की! त्याचा ब्रिज तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकता तारा आणि स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला. एका तारेचा ताण कमी झाला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज खेचून घेतात. एडीचा ब्रिज बॉडीला टेकलेला असायचा, दांडी फक्त खालीच दाबायची. हा पार्ट त्याच सवयीतला.

उपाय लई सोपा. मागचं झाकण काढायचं, ट्रेम ब्लॉकच्या (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) नेककडच्या बाजूला मोजून लाकडाचा तुकडा अडकवायचा, मग स्प्रिंगांचे स्क्रू जरा आवळायचे. तुकडा मिलिमीटरभर जाड झाला तरी ब्रिज पुढं झुकतो आणि तारा नेकपासून उंच होतात. घासत घासतच बसवावा.

दुसरा म्हणाला, “मी व्हॅन हेलनच्याच 5150 अँपचं हेड (बिनस्पीकरचा अँप) घेतो, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) पुढच्या महिन्यात.” तोवर हेड चालू करू नको रे बाबा! स्पीकर न जोडता ट्यूब अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप आणि स्पीकरचे ओहमसुद्धा जुळवून घ्यायचे.

दुकानात गिटारीवरची सही सगळेच बघतात. ब्रिज टेकलेला आहे का तरंगता, हे किती जण बघता?