युक्रेनियनच्या पाच शैली, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली ऑफिसची

युक्रेनियन शिकलोय म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, रशियनच ना ती? नाही हो. पण तो वाद परत कधीतरी, आज शैलींबद्दल लिहितो, कारण तिकडे हा विषय शाळेत पाचवीपासून असतो आणि कॉलेजला गेल्यावर इंजिनिअर होणारा असो की नर्स, सगळ्यांकडून परत घोटवून घेतात. बोलण्याची, साहित्याची, पेपरातली, शास्त्राची आणि ऑफिसची अशा पाच, काही पुस्तकं पत्रांची आणि चर्चची वेगळी धरतात. तक्ता पाठ केला की मार्क मिळतात. डोक्यात मात्र काही शिरत नाही.

मी पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिलला मेडिकलला होतो. लेक्चर्स इंग्रजीत, पण वॉर्डात गेलं की पेशंटला इंग्रजीचा गंध नाही, मग खरी परीक्षा. आजी सांगणार "होलोवा बोलित", डोकं दुखतंय, आणि त्याला जोडून सुनेचं, हवेचं, बटाट्याच्या पिकाचं सगळं सांगणार, त्यातही बटाट्याला तिकडचा गावाकडचा शब्द, जो आमच्या पुस्तकात नाहीच. हे सगळं ऐकून आपण केसपेपरवर काय लिहायचं तर "स्कार्ही ना होलोव्नी बिल", तक्रार डोकेदुखीची. संपलं. क्रियापद गेलं, आजी गेली, सून गेली, उरली फक्त नामं. पुस्तकात "शास्त्रीय शैलीत नामांचं प्रमाण जास्त" असं एक वाक्य होतं, त्याचा अर्थ तिथे कळला.

ऑफिसची शैली सगळ्यांना बोअर वाटते, मला उलट तीच भारी वाटली. साधा अर्ज घ्या. उजव्या कोपऱ्यात वर कुणाला ते, मधोमध "झायावा" म्हणजे अर्ज, आणि मजकूर थेट "प्रोशू" ने सुरू, विनंती करतो, "मी" लिहायचंच नाही कारण क्रियापदातच तो आलेला असतो. रेक्टरसाहेबांना लिहायचं तर चतुर्थीचे दोन प्रत्यय आहेत, ते आलटून पालटून लावायचे, "पानोवी रेक्तोरू", दोन्हीकडे "ओवी ओवी" केलं तर कानाला खटकतं म्हणतात. पत्र असेल तर सुरुवातीला संबोधन विभक्ती पाहिजेच, नुसतं नाव टाकलं की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी. आणि "रोबोतू वीकोनानो" ही रचना तर आपल्या शासन निर्णयातल्या "करण्यात आले आहे" ची सख्खी बहीण, काम झालंय, कुणी केलं ते विचारू नका.

आता तिकडचे लोक या ऑफिसच्या भाषेवर एवढे हळवे का, हे इतिहासाशिवाय कळत नाही. रशियन साम्राज्यात 1863 ला गृहमंत्री वालुयेव्हचं परिपत्रक निघालं, त्यात युक्रेनियनमध्ये ललित साहित्य छापायला परवानगी, पण धार्मिक आणि शिकायची पुस्तकं बंद. 1876 च्या झारच्या एम्सच्या हुकुमाने फास अजून आवळला, बाहेरून पुस्तकं आणायलाही बंदी. बघा ना, बंदी अख्ख्या भाषेवर नाही तर नेमकी शैलींवर, कथा कविता करा पण शाळा आणि विज्ञान रशियनमध्येच. त्यामुळे शास्त्राची शैली बरीचशी वाढली ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात, ल्विव्हच्या शेव्हचेन्को सायंटिफिक सोसायटीत वगैरे. आमच्या तेर्नोपिलकडचेच इवान होर्बाचेव्स्की, 1882 ला प्रयोगशाळेत युरिक अॅसिड बनवणारे केमिस्ट, प्रागमध्ये प्रोफेसर, त्यांनी रसायनशास्त्राची परिभाषा घडवायला मदत केली आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक युक्रेनियनमध्ये लिहिलं. 1921 ला कीवमध्ये शास्त्रीय भाषेसाठी खास संस्था निघाली, धडाधड परिभाषा कोश आले, आणि 1930 च्या दशकात स्तालिनच्या लोकांनी सगळं मोडलं. माणसं पकडली, शब्द रशियनच्या जवळ ओढले, वर्णमालेतलं "ग" चं अक्षरसुद्धा 1933 ला काढून टाकलं, ते 1990 ला परत आलं. एका अक्षराचं कुणाला काय वाकडं असावं!

म्हणून आज तिथे कुणी अर्जात रशियन वळणाचं वाक्य लिहिलं की शिक्षक लाल पेन काढतात. बाहेरच्याला हा नुसता शुद्धलेखनाचा किस पाडणं वाटेल. थोडं अतिही होतं, म्हणजे केमिस्ट्रीत ऑक्सिजनला मूलद्रव्य म्हणून "ऑक्सिहेन" आणि वायू म्हणून "कीसेन" असे दोन शब्द सांभाळायचे, मुलं वैतागतात, पण वॉर्डात सिलेंडर मागताना सगळे कीसेनच म्हणतात.

2022 ला रशियाने हल्ला केल्यानंतर एक नवीन प्रकार बघायला मिळाला. लोक रशियाचं नाव मुद्दाम छोट्या अक्षराने लिहायला लागले, आधी सोशल मीडियावर, मग पेपरात. यावर 2023 मध्ये तिथल्या राज्यभाषा आयोगाने सांगितलं की अनौपचारिक लिखाणात असं लिहिलं तर ते नियमाबाहेर धरलं जाणार नाही. म्हणजे फेसबुकवर चालेल, सरकारी कागदावर मात्र कॅपिटलच. पाच शैलींचा अख्खा तक्ता समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी अजून सापडलेलं नाही, शिकवणाऱ्या कुणी वाचत असेल तर बिनधास्त उचला.