फळ्यावरचे उणे 80

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हाती पडलं आणि घंटा, प्रार्थना, मैदान यांच्याही आधी आठवला तो किपच्या उपकरणाचा, म्हणजे प्रयोगशाळेत वायू तयार करायच्या काचेच्या भांड्याचा, सडक्या अंड्यांसारखा वास. म्हणून लिहायचं ते रसायनशास्त्राच्या बाईंबद्दलच.

अकरावीत एके दिवशी बाईंनी फळ्यावर एकाखाली एक तीन उत्कलनबिंदू लिहिले. हायड्रोजन टेल्युराइड उणे 2, हायड्रोजन सेलेनाइड उणे 41, हायड्रोजन सल्फाइड उणे 60. मोठ्या रेणूत इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून चिकटून राहण्याची ओढही जास्त. "आता याच घराण्यातला चौथा, सगळ्यात हलका. त्याचा किती?" मी फळ्यापाशी गेलो आणि उणे 80 लिहिलं. बाईंनी शेजारी शब्द लिहिला, 'पाणी'. वर्ग खो खो हसला. माझे कान तापले.

बाई हसल्या नाहीत. "याचा हिशेब बरोबर आहे. वेगळं वागतंय ते पाणी. 100 अंशांपर्यंत ते का टिकतं, ते शोधू या." मधली सुट्टी झाली तरी कोणी जागचं हललं नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्याची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला धरून बसतो, हाच हायड्रोजन बंध. पाणी उकळतं तेव्हा रेणू फुटत नाही, ही शेजाऱ्यांची पकड सुटते. हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाची ओढ कमी, म्हणून तिथे पकड ढिली. माझे उणे 80 बाईंनी शेवटपर्यंत पुसले नाहीत.

आज मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत सॉल्व्हंट रिकव्हरीचा, म्हणजे वापरलेले द्रावक परत मिळवायचा, प्लान्ट सांभाळतो. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी विचारतो, ब्युटेन आणि ॲसिटोन, दोघांचा रेणुभार 58. मग ब्युटेन शून्याच्या आसपास आणि ॲसिटोन 56 ला का उकळतं? ॲसिटोनच्या रेणूंमध्ये आपसांत हायड्रोजन बंधही नाही, नुसत्या ध्रुवीयतेने, म्हणजे रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी ऋण असल्याने, एवढा फरक पडतो. 'पोलॅरिटी' हा शब्द सगळे सांगतात. कोणाची कोणती बाजू कोणाकडे ओढली जाते, ते चित्र काढा म्हटलं की बहुतेकांचा हात थांबतो. आमचा थांबला नसता.

मागे शाळेच्या प्रयोगशाळेत डोकावलो. किपचं उपकरण कपाटावर कोरडं पडलंय, प्रयोग पडद्यावर दाखवतात. फार वाईट वाटलं.

बाई, समारंभाला येताना ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करायचा, नवा काचसंच शाळेसाठी आणतोय. पहिल्यांदा तो तुम्हीच लावून द्या. थर्मामीटर मी धरतो.